तैलरंगातील तहकुबी

दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून उभी हयात घालविलेल्या मनुष्याने निवृत्तीनंतर जलरंगांच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तेथे कुंचला कागदावर टेकला की निकाल लागला, आणि तोही अपिलाविना, तर तैलरंगात आजचे आकाश नापसंत ठरल्यास ते सुरीने खरवडून पुढची तारीख खुशाल घेता येते. या तारखांचे मूळ जवसाच्या तेलात आहे. ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू सावकाश शोषून घट्ट होते, आणि थर जाड असला तर प्रकरण महिनोन्‌महिने निकालात निघत नाही.

वाईस कृष्णेच्या पैलतीरी, गणपती घाटासमोर, एका वृद्ध चित्रकलाशिक्षकांच्या देखरेखीखाली मी माझी कचेरी थाटली. १८४१ साली जॉन रँड नामक अमेरिकन चित्रकाराने रंगांसाठी कथलाच्या नळीचे पेटंट घेतले नसते, तर पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे डुकराच्या मूत्राशयात बांधलेले रंग घेऊन मला या क्षेत्री बसावे लागले असते, आणि मग घाटावरील भिक्षुकवर्गाने माझी केलेली संभावना रंगविण्यास दुसरा चित्रकार लागला असता.

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे तेलाने समृद्ध, अन्यथा पुढे चित्रास भेगा, हा गुरुजींचा पहिला हुकूम. दुसरा पाण्याविषयी. मी नदीत सढळ हाताने अल्ट्रामरीन ओतीत असता ते म्हणाले, "शिरस्तेदारसाहेब, हा निळा कुठला?"

"पाण्याचा."

"कृष्णेने तसे लिहून दिले आहे काय?"

पाहतो तो घाटाखाली पाणी शेवाळी, मधोमध मळकट रुपेरी. उजळ शिखराचे प्रतिबिंब मूळ शिखराहून किंचित काळवंडलेले, तर काळ्या पायऱ्यांचे प्रतिबिंब त्या पायऱ्यांहून उजळ! उजळाने थोडे गमवावे आणि काळ्याने थोडे कमवावे, ही वाटणी मला आयुष्यात पाहिलेल्या यच्चयावत वाटपाच्या दाव्यांपेक्षा न्याय्य वाटली.

साक्षीदार मात्र फितूर निघाले. म्हशी रेखाटून होताच उठून गेल्या. ज्या लाल लुगड्यावर माझ्या रंगसंगतीची सारी मदार होती, ते वाळताक्षणी मालकिणीने घडी घालून नेले.

पुराचे पाणी दुभंगावे म्हणून १७६२ साली सरदार रास्त्यांनी घाटावरील गणपतीच्या देवळाची मागील भिंत मत्स्याकार बांधविली. ती निमुळती कड मी मोठ्या सायासाने साधली होती. धुण्याची बादली खाली ठेवून एक आजी चित्रासमोर उभी राहिली. तिने त्या भिंतीकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"आन् गणपती कुठं हाय?"

"आत आहे, आजी."

"आत हाय, तर दार का न्हाई ठिवलंस? देवाला कोंडलास व्हय रं बाबा?"

युक्तिवाद निरुत्तर करणारा होता. रंग ओलाच असल्यामुळे मी सुरीने भिंतीचा चतकोर भाग खरवडला, तेथे दार काढले आणि आतल्या अंधारात पिवळ्या रंगाचा एक ठिपका समई म्हणून ठेवला. "आता बरं," म्हणून आजीने बादली उचलली व चित्रासही हात जोडले.

गुरुजी मात्र खवळले. "अहो, पुराच्या तोंडाला दार ठेवायला रास्ते काय वेडे होते?"

मी त्यांस नम्रपणे सांगितले की, अर्जदार बाईचा अर्ज मंजूर झालेला आहे. हरकत असल्यास तेल वाळण्यापूर्वी लेखी दाखल करावी.