मिनेसोटातील डेक आणि कुंपण : घरच्यांसाठी सविस्तर माहिती

मुक्काम मिनेसोटा

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराला लागून केलेला, छप्पर नसलेला लाकडी ओटा. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर वासे आणि वाशांवर फळ्या अशी त्याची रचना असते. जुन्या वाड्यातला कडीपाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की या कडीपाटाखाली माणसांऐवजी ससे राहतात. साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत डेकवर बसता येते. उरलेले महिने तो बर्फ साठवण्याच्या कामी येतो. कुंपण मात्र बाराही महिने उभे असते, निदान तशी अपेक्षा असते.

या दोन्हींचा मुख्य शत्रू जमिनीखाली राहतो. मिनेसोटात थंडी किती पडू शकते याचा दाखला म्हणून टॉवर या उत्तरेकडच्या गावाचे नाव घेतले जाते. तिथे २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशी थंडी हवेपुरती राहत नाही, ती मातीत उतरते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते हे शाळेत शिकवलेले असते, त्यामुळे हिवाळ्यात जमीन वर उचलली जाते त्याचे सगळे खापर या ९ टक्क्यांवर फोडले जाते. स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १९२९-३० च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की प्रकरण इतके सरळ नाही. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरले. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसते. तरीही माती वर आलीच. याचे कारण असे की गोठणारा थर खालचे पाणी स्वतःकडे ओढत राहतो. त्या पाण्याच्या बर्फाच्या आडव्या चकत्या बनतात, त्या जाड होत जातात आणि डोक्यावरचे जे काही असेल ते उचलतात. बारीक गाळवट मातीत हा उद्योग जोरात चालतो, भरड वाळूत आणि खडीत फारसा चालत नाही.

सोलापूरकडच्या काळ्या मातीत इमारती उभ्या केलेल्या निवृत्त अभियंत्याला यात नवल वाटू नये. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तिथे तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल घालतात. इथेही काही जण खांबाचा पाया तळाशी रुंद करतात, म्हणजे गोठलेल्या मातीने वरून ओढले तरी तो सुटून येत नाही. खोली मात्र कोणाच्या मर्जीवर नसते. राज्याच्या बांधकाम नियमांनुसार दक्षिण भागात, म्हणजे मिनिआपोलिस आणि सेंट पॉल धरून, पाया किमान ४२ इंच खाली न्यावा लागतो. उत्तरेत ६० इंच. याचा अर्थ असा की अडीच फूट उंच डेकसाठी साडेतीन फूट खोल खड्डे खणायचे. निम्म्याहून जास्त काम अशा ठिकाणी गाडले जाते, जिथे ते पाहुण्यांना दाखवता येत नाही.

खड्डा खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करणे सक्तीचे आहे. निदान दोन कामाचे दिवस आधी कळवले की माणसे येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा हिरवळीवर रंगाने करून जातात : वीज लाल, गॅस पिवळा, टेलिफोन आणि इंटरनेट नारिंगी, पिण्याचे पाणी निळे, सांडपाणी हिरवे. या सेवेला पैसे पडत नाहीत. खुणा झाल्यावर कळते की जिथे डेकचा कोपरा यायचा ठरला होता तिथूनच गॅसची नळी गेलेली आहे, आणि नकाशा पुन्हा काढायला बसावे लागते.

यानंतर नगरपालिकेचा परवाना आणि तपासणी. काँक्रीट ओतण्याआधी निरीक्षक खड्डे बघायला येतो. तो खड्ड्यात टेप सोडतो, तळाची माती पक्की आहे का पाहतो आणि सही करतो. महाराष्ट्रात खड्डा बुजवावा म्हणून अर्ज करावे लागतात. इथे तो पुरेसा खोल आहे असे सरकारकडून लिहून घ्यावे लागते. खड्डा ४० इंचांवर थांबलेला असेल तर उरलेले दोन इंच खणल्याशिवाय सही मिळत नाही, आणि चहा विचारून उपयोग होत नाही.

डेक कोसळतो तो बहुतेक वेळा खांबापाशी नव्हे, घराच्या भिंतीपाशी. भिंतीला जी आडवी फळी ठोकून वासे टेकवतात तिला लेजर म्हणतात. ती नुसत्या खिळ्यांवर ठेवली तर काही वर्षांनी गर्दीच्या दिवशी, म्हणजे नेमकी पार्टी रंगात आली असताना, खिळ्यांसकट बाहेर येते. म्हणून तिला जाड स्क्रू किंवा बोल्ट लागतात. फळी आणि भिंत यांच्यात पाणी मुरू नये म्हणून वरून पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी घालतात, तिला फ्लॅशिंग म्हणतात. ही पट्टी विसरली तर डेक शाबूत राहतो आणि घर कुजते. डेक जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असेल तर ३६ इंची कठडा लागतो आणि त्याच्या गजांमधून ४ इंचांचा गोळा पलीकडे जाता कामा नये. हा नियम लहान मुलांची डोकी डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. खारींचा त्यात विचार नाही, आणि खारींनाही नियमाचा नाही.

लाकूड घेताना मापात पाप गृहीत धरावे. ‘दोन बाय सहा’ म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच इंच भरते. ही फसवणूक नसून अधिकृत पद्धत आहे. सर्वांत स्वस्त म्हणजे रसायने मुरवलेले पाइन. पूर्वी त्यात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक असे. घरगुती कामांसाठी आर्सेनिकचा हा प्रकार २००३ अखेर बंद झाला. नंतरच्या रसायनांत तांबे जास्त आहे आणि ते साध्या लोखंडी खिळ्यांना खाते. त्यामुळे खिळे आणि स्क्रू जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावे लागतात. सीडर सुंदर आणि हलके असते, निगा न राखल्यास करड्या रंगावर जाते. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या कंपोझिट फळ्या कुजत नाहीत, पण तापमानाबरोबर लांबी बदलतात. त्या जुलैच्या उन्हात एकमेकींना भिडवून बसवल्या तर जानेवारीत टोकांशी फटी पडतात. कडाक्याच्या थंडीत भिडवल्या तर उन्हाळ्यात त्यांना जागा पुरत नाही. म्हणून बसवताना थर्मामीटर बघून अंतर ठेवतात.

बर्फाच्या वजनाची काळजी घरून दर फोनला केली जाते, म्हणून आकडे देणे योग्य. डेक साधारणपणे चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १९५ किलो भार धरून बांधतात. फूटभर ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन चौरस मीटरला तीसेक किलोच्या आत राहते. ओला, दबलेला बर्फ यापेक्षा कित्येक पट जड असतो. तरी चांगला डेक एवढ्याने खचत नाही. बर्फ काढायचाच तर प्लास्टिकचे फावडे घेऊन फळ्यांच्या लांबीच्या दिशेने ओढावा; लोखंडी फावड्याने बर्फाबरोबर रंग आणि लाकडाचे पापुद्रेही निघतात. मीठ टाकण्याचा मोह टाळावा. साधे मीठ उणे १० अंश सेल्सिअसच्या खाली जेमतेम काम करते, स्क्रू मात्र कोणत्याही तापमानाला खाते. हिवाळ्यातही डेकचा एक उपयोग सुरू असतो : प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे गॅसची शेगडी जानेवारीतही पेटते आणि इथले लोक बर्फात उभे राहून मांस भाजतात.

कुंपणाचा पहिला प्रश्न लाकडाचा नसून हद्दीचा असतो. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या मुलखातल्या माणसांना हे सांगायला नको. इथे सातबारा नाही, पण मोजणीदार आहे. तो प्लॉटच्या कोपऱ्यांवर गाडलेल्या लोखंडी सळया धातुशोधक यंत्राने हुडकून काढतो. त्यांच्या इंचभर पलीकडे गेलेले कुंपण शेजाऱ्याच्या मालकीचे समजून मोकळे व्हावे. बऱ्याच गावांत मागच्या अंगणात ६ फूट उंची चालते, पुढे त्याहून बरीच कमी. अनेक ठिकाणी कुंपणाची चांगली बाजू शेजाऱ्याकडे ठेवावी लागते. पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला आडव्या पट्ट्या आणि खिळे येतात. हरणांसाठी ६ फूट पुरत नाहीत; ती उडी मारून आत येतात, टोमॅटो खातात आणि त्याच वाटेने परत जातात. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आहेच. इथे कुंपण पगार खाते आणि शेत हरणे खातात.

कुंपणाचे खांबही गोठणरेषेखाली, म्हणजे माती जिथवर गोठते त्या खोलीच्या खाली, न्यावेत, कारण गोठलेली माती खांबाच्या कडा पकडून त्याला वर खेचते. खड्ड्याच्या तळाशी खडी घालावी, म्हणजे पाणी निचरते. काँक्रीटच्या कडा गुळगुळीत असाव्यात आणि माथा उतरता. छत्रीसारखे वर पसरलेले काँक्रीट मात्र घातक, कारण मातीला पकडायला आयती कड मिळते. फाटकाला सगळीकडे मोकळी फट ठेवावी. मार्चमध्ये एक खांब वर आणि दुसरा जागच्या जागी असला की कडी लागत नाही. भरीव कुंपणाच्या आडोशाला वाऱ्याने आलेला बर्फ ढिगाने साचतो, म्हणून ते घराच्या रस्त्याला लागून घालू नये.

देखभालीचे वेळापत्रक असे. एप्रिलमध्ये स्क्रू घट्ट करावेत, फळ्यांच्या फटींतली पाने काढावीत, लेजरजवळचे लाकूड टोकदार वस्तूने टोचून मऊ झाले आहे का पाहावे. जून-जुलैत दोन-तीन वर्षांतून एकदा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, द्यावा. तेलरंग देऊ नये. तो वर थर धरतो, आत ओल अडकते आणि गोठण्या-वितळण्यात तो पापुद्र्यांनी सुटतो. नवीन फळ्या आधी वाळू द्याव्यात : वर टाकलेला पाण्याचा थेंब मुरला तर लाकूड तयार आहे. ऑक्टोबरमध्ये कुंड्या आत घ्याव्यात, त्यांत तुळशीची सर्वांत आधी.

सारांश, थंड प्रदेशातला डेक दोन गोष्टींवर टिकतो : पाया गोठणरेषेखाली असावा आणि पाणी कुठेही थांबू नये. बाकी सारी हौस आहे.

तरी उभयतांनी तिकीट जानेवारीचे न काढता जूनचे काढावे. डास असतील, पण डेकवर बसता येईल. या वर्षी स्टेनची पाळी आहे, तेव्हा बाबांनी जुने कपडे सोबत आणावेत, ही नम्र विनंती.

आपली
मिनेसोटातील सर्व मंडळी