साडूपुरते इंग्रजी

रेन अँड मार्टिनचे व्याकरण कोळून प्यायलेले, पण हिंजवडीत नोकरी करणाऱ्या नातेवाइकासमोर तोंड न उघडणारे जे सज्जन आहेत, त्यांच्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. अशा नातेवाइकाला शास्त्रात साडू म्हणतात. ज्यांना साडू नाही त्यांनी मेहुण्यावर भागवावे.

नियम पहिला. मांजरी-कुत्र्यांचा पाऊस पाडू नये. शाळेत निबंधासाठी मिळालेला हा ऐवज आपण जन्मभर जपतो. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली गुळगुळीत बोलण्याची टर उडवणारे ‘पोलाइट कॉन्व्हर्सेशन’ छापले, त्यातसुद्धा हा पाऊस पडतो. तेव्हा नुसते ‘इट्स पोअरिंग’ म्हणावे. भिजायला तेवढे पुरते.

नियम दुसरा. वाक्प्रचाराची मोडतोड करू नये. मरणे या अर्थी ‘किक द बकेट’ फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या कोशात आहे. तेव्हापासून लाथ बादलीलाच बसत आली आहे. टबाला मारली तर माणूस जगतो. ‘द बकेट वॉज किक्ड’ असा कर्मणी प्रयोग केल्यास फक्त पाणी सांडते. शिवाय हा वाक्प्रचार टवाळ आहे. तो शोकसभेत काढू नये.

नियम तिसरा, आणि याला जरा जास्त जागा लागेल. खेळ पाहून बोलावे. आमचे साडूभाऊ भेटू या म्हणण्याऐवजी ‘लेट्स टच बेस’ म्हणतात. लग्नाचा खर्च विचारला तर ‘बॉलपार्क फिगर’ देतात. अडचण आली की तो ‘कर्व्हबॉल’. ही सगळी मालमत्ता बेसबॉलची. या गृहस्थांनी बेसबॉलची बॅट पाहिली ती हिंदी सिनेमातल्या गुंडाच्या हातात! मध्यंतरी सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावले, तर म्हणाले, ‘रेन चेक घेतो.’ पावसाने सामना बुडाला की पुन्हा येण्यासाठी प्रेक्षकाला जी चिठ्ठी मिळे, ती रेन चेक. आमच्याकडे पूजा झाली, ऊन लख्ख होते, आणि शिरा उरला. सौ. वर म्हणते, ‘शिका जरा त्यांच्याकडून.’

वास्तविक आपल्याला क्रिकेटचा माल घरचाच आहे. बिकट प्रसंग म्हणजे ‘स्टिकी विकेट’, पावसात भिजून उन्हाने वाळू लागलेली खेळपट्टी, जिच्यावर चेंडू कसाही उसळतो. ज्याने शिवाजी पार्कच्या कडेला उभे राहून सामने पाहिले, त्याला हे शिकवावे लागत नाही. अमेरिकनांना यातले काही कळत नाही, हा दोष त्यांचा. तरी समोरचा ग्राहक अमेरिकन असेल तर गुपचूप ‘डिफिकल्ट’ म्हणून मोकळे व्हावे.

नियम चौथा. इंग्रजाचे शब्द धरू नयेत, सूर धरावा. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ ऐकू आले की आता अपमान होणार असे समजून सावरून बसावे. ‘नॉट बॅड’ म्हणजे बहुधा उत्तम. ‘क्वाइट गुड’ अमेरिकन म्हणाला तर चांगलेच, लंडनवाला म्हणाला तर ठीकठाक. आणि ‘यू मस्ट कम फॉर डिनर’ यावर खिशातून डायरी काढू नये.

नियम पाचवा. याद्या पाठ करू नयेत. कोण, कुणाला, कोणत्या तोंडाने म्हणाला ते ऐकावे, आणि तीनदा ऐकल्याशिवाय स्वतः वापरू नये.

नियम सहावा. आपल्या इंग्रजीची लाज बाळगू नये. ‘आउट ऑफ स्टेशन’ म्हटले की साडूभाऊ हसतात. नेमणुकीच्या गावाला साहेब स्टेशन म्हणत. साहेब गेले, आपण अजून स्टेशनाबाहेर जातो, यात हसण्यासारखे काय? ‘प्रीपोन’वरही हसतात, तो तर ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे. आमच्या कचेरीतले म्हातारे हेडक्लार्क प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहीत. शाईच्या पेनाने, खाली रेघ मारून. कुणाच्या पेन्शनीचे अडले असले की स्वतः फाइल काखेत मारून मजले चढत. त्या चार शब्दांवर लोकांची कामे होत. साडूभाऊंच्या ‘लेट्स सर्कल बॅक’नंतर कुणाचे काम झाल्याचे ऐकिवात नाही. कुणाचे झाले असेल तर जरूर कळवावे.