वाकडी वाट करण्याची शिस्तबद्ध पद्धत

सिंगापूरच्या सरकारी शाळेत विद्यार्थ्यासाठी कामाबाहेरचे काम करणे अवघड असते, कारण कामाबाहेर फारसे काही शिल्लकच ठेवलेले नाही. अभ्यासात मागे पडलेल्या मुलासाठी शाळा सुटल्यावर ‘रेमेडिअल’ असते. बेताच्या मिळकतीच्या घरासाठी शिक्षण मंत्रालयाची अर्थसाहाय्य योजना असते. तिच्यात फी, पुस्तके, गणवेश आणि शाळेतले खाणेही येते. प्राथमिक शिक्षण २००३ पासून सक्तीचे असल्याने मुलाने घरी बसणे हाही सरकारी विषय आहे. तरीही शाळेतली माणसे विद्यार्थ्यासाठी वाकडी वाट करतात. फक्त ती करण्याआधी अर्ज भरून घेतात.

या माणसांचे मुख्य प्रकार चार.

पहिला प्रकार वर्गशिक्षकांचा. मुले त्यांना ‘चेर’ म्हणतात. शाळा साडेसातच्या सुमारास भरते आणि या बेटावर सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे बरीच मुले अंधारातच घर सोडतात आणि काही सोडत नाहीत. न सोडणाऱ्यांना फोन करून उठवणे हे चेरचे पहिले जादा काम. दुसरे काम सहावीच्या अखेरीस होणाऱ्या पीएसएलई परीक्षेचे. या परीक्षेत मुलाचे वय बारा असते आणि पालकांचा रक्तदाब साठीचा. २०२१ पासून तिच्यात चार विषयांचे मिळून ४ ते ३२ गुण पडतात आणि ४ हे सर्वोत्तम समजतात. ‘उरलेले दोन मार्क कुठे गेले?’ हे विचारण्यात हयात घालवलेल्या मराठी पालकाला कमी गुणांचे पेढे वाटायला शिकवणे, हे कोणत्याही चेरच्या नेमणूकपत्रात लिहिलेले नसते.

दुसरा प्रकार कार्यालयातला. मदत मागायला लाजणाऱ्या घराचा अर्ज येथील बाई स्वतःच बाहेर काढतात, रकाने भरतात आणि पालकांपुढे सहीपुरता ठेवतात. सही झाल्यावर ‘तारीख राहिली’ असे ओरडतातही. दोन्ही गोष्टी मायेतच मोडतात.

तिसरा प्रकार कॅन्टीनमधल्या आंटीचा. वरचा फिशबॉल उचलला की खालच्या नूडल्स शाकाहारी होतात, अशी तिची सुरुवातीला प्रामाणिक समजूत असते. ही समजूत एकदा दूर झाली की शाकाहारी मुलासाठी ती वेगळा चमचा ठेवते, आणि त्याने भाजी टाकली तर आईपेक्षा मोठ्याने रागावते.

चौथा प्रकार मातृभाषेच्या शिक्षकांचा. सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा शिकावीच लागते. भारतीय भाषांपैकी तमिळ, बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू यांची सोय आहे. मराठी त्या यादीत नाही. म्हणून मराठी मूल बहुधा हिंदी ही मातृभाषा म्हणून घेते आणि स्वतःच्या शाळेत वर्ग नसल्यास दुसऱ्या केंद्रावर जाते. तेथे हिंदीच्या बाईंची वाकडी वाट सुरू होते. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. तिसऱ्या लिंगातली बेघर झालेली ‘पुस्तक’, ‘पाणी’, ‘घर’ ही मंडळी मूल सरसकट पुल्लिंगात नेऊन बसवते. त्यातले पुस्तक तेवढे बाईंना दर आठवड्याला उठवून स्त्रीलिंगात न्यावे लागते. बाई हे न चिडता करतात. घरी मुलाचे वडील ते परत आणून ठेवतात.

या सेवेला मर्यादाही आहेत. शाळेच्या आवारात गाडी उभी करण्याचे पैसे ऑगस्ट २०१८ पासून शिक्षकांनाही भरावे लागतात. पास महिन्याचा असल्याने विद्यार्थ्यासाठी उशिरापर्यंत थांबणे मात्र फुकट पडते. शिक्षकांनी स्वतःचा मोबाइल क्रमांक पालकांना देण्याची गरज नाही आणि शाळेच्या वेळेनंतर आलेल्या संदेशांना उत्तर देणे त्यांच्याकडून अपेक्षित नाही, असे तत्कालीन शिक्षणमंत्री चान चुन सिंग यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. पालकांनी हा नियम एकमताने योग्य ठरवला. आपला प्रश्न तातडीचा असल्याने तो आपल्याला लागू नाही, हेही एकमतानेच ठरले.

या उपकारांची फेड शिक्षक दिनी होते. २०११ पासून तो सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी येतो. त्या दिवशी सुट्टी असल्याने कौतुक आदल्या दिवशी उरकतात. कार्डे, पेने आणि ‘सर्वोत्तम शिक्षक’ लिहिलेले मग मिळतात. असे मग एकाच शिक्षकाच्या कपाटात रांगेने सापडतात. सरकारी नोकर असल्याने महागडी भेट आली तर ती वर कळवावी लागते. मराठी घरातून आलेल्या पुरणपोळीची किंमत कशी ठरवावी, याची पद्धत अजून बसलेली नाही. ते प्रकरण स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीतच निकाली निघते.