एक केस राह्यली

दाराला कुलूप लावून चार पावलं गेल्यावर मागं येऊन ते ओढून पाहणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. आमच्या वाशिमचा असा भाऊ काही वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासत होता. लॉकडाऊनमध्ये घरी आला आणि इथंच रमला. बाजारातल्या एका अडत्याला त्यानं हिशेबाचं सॉफ्टवेअर कबूल केलं: वजन, भाव, हमाली, तोलाई आणि खाली शेतकऱ्याची पट्टी. मुहूर्त दसऱ्याचा. दसऱ्याला विचारलं तर म्हणाला, "थांब ना बाप्पा, एक केस राह्यली."

केस काय, तर वजन उणे पाच क्विंटल टाकलं तर?

"उणे सोयाबीन कोण आणते बे?" अडत्या म्हणाला.

"कोणीच नाई. पण बोट तं चुकते ना!"

मग निघाली 29 फेब्रुवारी 2100. त्या वर्षाला चारनं भाग जातो, पण ते लीप वर्ष नाही. तारीखच अस्तित्वात नाही. त्या दिवशी कुणी माल आणला तर? अडत्याला साठी लागलेली. आवृत्ती 0.9 झाली, 0.99 झाली, 0.999 झाली, एक काही येईना. यार्डात ढीग लागले आणि दिवाणजी वहीतच लिहीत राहिले.

"अरे, इथं मूठभर दाणे पाहून अख्ख्या ढिगाची बोली लागते!"

"अन् ढिगाखाली माती निघाली तं?"

वर एरियन-5 ची कथा. 4 जून 1996 ला हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात 40 सेकंदांच्या आत फुटलं; एरियन-4 मधून उचललेल्या कोडमध्ये 32,767 पर्यंतचाच आकडा मावत होता, आणि आला त्याहून मोठा. ही कथा मला पाठ आहे, त्याच्या आईलाही. अडत्यानं सहज विचारलं, "आपल्या पट्टीत किती मावते?" भाऊचे डोळे चमकले. एक केस राह्यली होती.

थांबायचं कधी, हे त्याला कळत नाही असं नाही. नव्या चुका क्वचित सापडू लागल्या आणि उरलेल्यांनी कुणाचा पैसा बुडत नसला, की थांबावं. हे तोच मला शिकवतो, म्हणून तर जास्त राग येतो.

पण मागच्या खरिपात एक शेतकरी धुऱ्यावर मोबाइल आभाळाकडं धरून उभा दिसला. पीक नोंदवायच्या ॲपवर फोटो चढत नव्हता, चक्र नुसतं फिरत होतं, आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. ते ॲप कुणीतरी अगदी वेळेवर सोडलं असणार, बहुधा उद्घाटनाच्या तारखेला. राहिलेल्या सगळ्या केसेस या माणसाच्या वाट्याला आल्या होत्या. तेव्हा मला भाऊ आठवला. पट्टी छापता छापता लाइन गेली तर काय, हे पाहायला तो रात्री स्वतःच प्लग उपटायचा. अर्धी छापलेली पट्टी फाडायचा, पुन्हा सुरू करायचा आणि नोंद एकदाच पडली ना, दोनदा नाही ना, हे बोट ठेवून वाचायचा. सांगायला जिवावर येतं, पण त्याचं कौतुक वाटलं.

तुम्हाला असं सॉफ्टवेअर हवं असेल तर भाऊकडंच जा. दसऱ्याला पाहिजे असेल तर होळीलाच सांगा, आणि कोणत्या सालचा दसरा, हे विचारू नका.