विसोबांचा पेपर

शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक निरोप येतो. शब्द थोडेफार बदलतात, घाई तीच असते : ‘इन्स्पायर-मानकच्या पाच कल्पना उद्या दुपारपर्यंत पोर्टलवर भरा. निरंक चालणार नाही.’ न्यूटनसमोर सफरचंद पडलं तेव्हा केंद्रप्रमुखांचा फोन येत नव्हता, म्हणून त्याला वेळ लागला. आपल्या गुरुजींना एक मधली सुट्टी पुरते.

योजना वाईट नाही हो. सहावीपासूनच्या लेकरांनी भोवतालची अडचण हेरायची, तिच्यावर स्वतः तोडगा सुचवायचा आणि निवड झाली तर मॉडेलसाठी 10 हजार रुपये थेट त्यांच्या खात्यात. याहून मोठं घर म्हणजे नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब. 2016 पासूनची योजना, शाळेमागे 20 लाखांपर्यंत अनुदान, त्रिमितीय प्रिंटरसुद्धा मिळतो. त्या लॅबची किल्ली कुणाकडे असते, हा वेगळा संशोधनाचा विषय.

आता कुठल्याही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक चक्कर मारा. सिरिंजांचा जेसीबी, अंधांची शिट्टी मारणारी काठी आणि हात पुढे केला की झाकण उघडणारी कचरापेटी. ही पेटी इतक्या वर्षांत इतक्यांदा उघडली आहे की तिला आता सेवाज्येष्ठता द्यायला हवी. घंटागाडी दिसत नाही त्या गावातही झाकण मात्र आपोआप उघडतं. कारण उत्तर यूट्यूबवर तयार असतं. अडचण तेवढी शोधायची राहते आणि तिला मार्क नसतात.

खरी अडचण ज्याच्या घरात आहे, ते लेकरू प्रदर्शनाच्या दिवसांत बहुधा गैरहजर असतं. दिवाळी झाली की सेनगाव-कळमनुरीकडच्या तांड्यांवरून बैलगाड्या, ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात. फडावर पोर्टल उघडत नाही.

खरं म्हणजे तयार उत्तर नसलेले प्रश्न आपल्या हिंगोली जिल्ह्याला नवे नाहीत. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले, नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. कथा सांगते, पाय ठेवावेत तिथं पिंड उगवायला लागली. काय पेपर काढला होता! गाईड नाही, उत्तरपत्रिका नाही आणि विद्यार्थी नापास होता होता संत झाला. आजचा विद्यार्थी आधी विचारील, ‘सर, हे किती मार्कांना?’ सरही सांगतील, हे सिलॅबसमध्ये नाही. त्याच देवळाची दुसरी कथा : नामदेवांना कीर्तनाला मागच्या बाजूला जायला सांगितलं, तर देऊळच फिरलं. नंदी आजही मागं आहे. मागच्या बाकावर पाठवलेल्या लेकरासाठी शाळेची भिंत अजून तरी फिरलेली नाही.

आणि आता त्याच औंढ्याजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा येतेय. 2016 मध्ये तत्त्वतः होकार, 2023 मध्ये 2600 कोटींची मंजुरी, चार-चार किलोमीटरचे दोन हात. प्रोटॉनच्या जाडीच्या हजारो पट बारीक थरथर तिथं ऐकू येणार. अब्जावधी वर्षांपूर्वी कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची खबर हिंगोलीला मिळेल.

तोवर वसमतकडच्या एखाद्या पोराचं काय होईल, याची कल्पना करून बघा. घरी हळद शिजवून वाळत घातलेली. मार्चात अवकाळी आला की आई-बाप ताडपत्री घेऊन रात्री पळतात. पोरानं भंगारातली सायकल मोडली, चेन आणि पॅडल लावून एकट्यानं ओढता येईल अशी ताडपत्रीची गुंडाळी केली. परीक्षक वाकून बघतात.

“छान. पण यात सेन्सर कुठंय?”

“कशाला, सर?”

“अरे, पाऊस येणार हे कळणार कसं?”

“मायच्या गुडघ्याला कळतं, सर.”

शेऱ्याच्या रकान्यात परीक्षक लिहितात : ‘तंत्रज्ञानाचा अभाव.’ आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. तिथं झाकण उघडतं.