पावणेएकोणीस क्विंटलचा लॅपटॉप

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची मुदत संपली, ही बातमी सोनपेठमध्ये दोघांनाच लागली. एक मी, दुसरा माझा कॉम्प्युटर. बाकीचं गाव वेगळ्याच घोरात होतं. सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस असा कोसळला होता की गोदाकाठचं सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, आणि माझ्या टेबलासमोर अतिवृष्टीच्या अर्जांची रांग लागली. माझा धंदा टायपिंगचा. पत्र्याचं शेड, त्यात एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर आणि एक डेस्कटॉप. शपथपत्र, वारस नोंद, फार्मर आयडी, ई-केवायसी, सगळी कामं एका छताखाली. छत पत्र्याचं असल्यामुळं पावसात गिऱ्हाइकाचं नाव दोनदा विचारावं लागतं, एवढीच अडचण.

2 ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी डेस्कटॉपची रीतसर पूजा केली. सीपीयूला हळदीकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार. तो हार अजून उतरवलाही नव्हता तोच पडद्यावर सूचना झळकली की, हा संगणक विंडोज 11 साठी पात्र नाही. कारणंही दिली होती. टीपीएम 2.0 नावाची चिप लागते, प्रोसेसर नव्या पिढीचा लागतो. अपात्रतेचं आमच्याकडं कुणाला नवल नाही. घरकुल, पीकविमा, लाडकी बहीण, कुठलीही यादी लागली की निम्मं गाव बोट ठेवून तेवढंच शोधतं. इतकी वर्षं मी लोकांच्या अपात्रतेविरुद्ध तीस-तीस रुपयांत अर्ज टाइप करून दिले. आता माझ्याच घरातलं माणूस यादीतून गळलं, तर अर्ज कुणाच्या नावे करायचा, हे कळेना.

नवीन घ्यायचंच तर लॅपटॉप घ्यावा, असं ठरलं ते विजेमुळं. आमच्या तालुक्यात गोदावरीवर खडक्याचा बंधारा आहे. त्याचं पाणी परळीच्या औष्णिक केंद्राला जातं. तिथं त्याची वाफ होते, वाफेची वीज होते आणि वीज महाराष्ट्रभर हिंडायला निघते. हिंडून आमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचायला तिला कधीकधी उशीर होतो. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते, तेव्हा तर पाणीही आमचं नव्हतं आणि वीजही. त्यामुळं आमच्याकडं मशीनचा पहिला गुण म्हणजे, लाइट गेल्यावर ते किती वेळ जिवंत राहतं. बाकीचे गुण लाइट आल्यावर बघता येतात.

मी लॅपटॉप घेणार ही गोष्ट बायकोला सांगितली आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट स्टँडवर पोचली होती. मग सल्लागार यायला लागले.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातलं पोरगं म्हणालं, "काका, गेमिंगचा घ्या." म्हटलं, अरे, मी वारस नोंदी करतो, मला गेम कुठं खेळायचाय? तर म्हणे, "खेळू नका हो. पण त्याच्या कळांखाली लाल-निळे लाइट असतात. अंधारात फेरफार टाइप करायला बरं." इतका व्यवहारी सल्ला नंतर मला कोणीच दिला नाही.

नांदेडला इंजिनिअरिंग करणारा भाचा आला तो लिनक्स घेऊनच. "मामा, जुन्याच डेस्कटॉपवर उबुंटू टाकतो. एक रुपया लागत नाही." मग त्यानं फिनलंडच्या त्या विद्यार्थ्याची, लिनस टोरवाल्ड्सची गोष्ट सांगितली. 1991 साली त्यानं स्वतःच्या हौसेनं सिस्टिमचा गाभा लिहिला आणि जगाला वाटून टाकला. बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक लक्ष देऊन ऐकत होतं. शेवटी त्यानं विचारलं, "फुकट हाय म्हणता, मग केवायसी कुठं करावी लागती?" भाच्याला उत्तर सुचेना. लिनक्स इतकी वर्षं झाली तरी खेडोपाडी का पसरलं नाही, यावर पुष्कळ विद्वानांनी लिहिलं असेल. माझ्या मते, एखादी वस्तू फुकट मिळते आणि तिच्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्सही लागत नाही, यावर आमचा विश्वासच बसत नाही.

तात्यांचा सल्ला मात्र मी मागितला नव्हता. तात्या म्हणजे माझे चुलते. आयुष्यभर हाळीच्या बाजारात बैलं पारखली. दुकानात कुणाचा तरी जुना लॅपटॉप विकायला आला होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. आधी हातानं वजन जोखलं. मग बैलाचा जबडा उघडावा तसं झाकण वर केलं, वाकून कळांच्या ओळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिल्या, एका कळेवर अंगठा दाबून ती हलते का बघितलं आणि झाकण मिटून मशीन परत दिलं. म्हणाले, "जुळलंय. सगळे दात आल्यात. कामाची दोन सालं बी न्हाईत ह्याच्यात. घेऊ नगंस." दुसऱ्या दिवशी कळलं, त्याची बॅटरी फुगलेली होती.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचं म्हणणं एकच, "पप्पा, मॅक घ्या. बॅटरी दिवसभर जाते. मागची सगळी कटकट संपेल." मागची कटकट म्हणजे विंडोज, व्हायरस, पेन ड्राइव्ह आणि बहुतेक मीसुद्धा.

मॅकला माझा विरोध नव्हता. प्रश्न माझ्या इस्टेटीचा होता. वडिलांनी मला कोरडवाहू जमीन ठेवली, पण मी स्वतः कमावलेली इस्टेट म्हणजे डेस्कटॉपमधले नमुने. खरेदीखत, वाटणीपत्र, रहिवासी स्वयंघोषणा, रस्त्याच्या वादाचा अर्ज, विहिरीच्या वादाचा अर्ज, बांध कोरल्याचा अर्ज. पंधरा-वीस वर्षांचा हा खजिना सगळाच्या सगळा कृतीदेवमध्ये. कारण मी टायपिंग शिकलो ते मशीनवर, रेमिंग्टनच्या मराठी पाटीवर, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देऊन. कृतीदेवच्या कळा त्याच क्रमानं लागतात, म्हणून कॉम्प्युटर आला तेव्हा बोटांना काही शिकवावं लागलं नाही. टाइपरायटर गेला हे माझ्या बोटांना अजूनही कुणी कळवलेलं नाही.

त्यातल्या दोन फायली मुलीला पाठवल्या. तिनं तिच्या मॅकवर उघडल्या आणि फोन केला, "पप्पा, हे लक्सुइस्ब कुठं आहे?"

"काय?"

"तुमच्या अर्जात लिहिलंय, राहणार लक्सुइस्ब."

मला वाटलं, स्वित्झर्लंडमधलं गाव असणार. मग कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. कृतीदेवमध्ये स म्हणजे खाली इंग्रजी एल, ओकार म्हणजे के आणि एस, न म्हणजे यू, प म्हणजे आय, वरची मात्रा पुन्हा एस आणि ठ म्हणजे मोठा बी. फॉण्ट नसलेल्या मशीनवर हे सगळं उघडं पडतं. एल-के-एस-यू-आय-एस-बी. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला मराठी समजून सांभाळलं, ते मशीनच्या लेखी मराठी नव्हतंच. वरून देवनागरी, आत सगळी एबीसीडी. सोनपेठ तरी उच्चारता येतं. परभणीचं जे होतं, त्यात मधेच पूर्णविराम येतो.

कृतीदेवचा फॉण्ट मॅकवरही टाकता येतो, पण मुलीनं ऐकलं नाही. आता सगळं युनिकोडमध्ये करायचं, म्हणाली. युनिकोड मला परका नव्हता. ऑनलाइन फॉर्मचे रकाने दुसरं काही स्वीकारतच नाहीत. जुन्या विंडोजवर ते 'मंगल' या फॉण्टमध्ये दिसायचे. तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. जोशी म्हणजे कवी आणि सुलेखनकार माणूस. त्यांच्या हातच्या अक्षरांत मी आजवर काय लिहिलं, तर 'अर्जदाराचे संपूर्ण नाव'.

जुन्या फायली फिरवायची सोय निघाली. कृतीदेवचा मजकूर युनिकोड करून देणारी साधनं आहेत. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागेवर बसली की नाही, एवढं नजरेखालून घालावं लागतं. रात्री जेवणं झाली की मी एकेक नमुना तपासत बसायचो. बांध कोरल्याचे अर्ज वाचता वाचता लक्षात आलं, यातले निम्मे वादी-प्रतिवादी आता एकमेकांचे व्याही आहेत.

खरी परीक्षा पुढं होती. मॅकमध्ये देवनागरीची इनस्क्रिप्ट पाटी असते. ही पाटी 1986 साली सरकारनं प्रमाण ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. विंडोज असो, मॅक असो की भाच्याचं उबुंटू, ती सगळीकडं सारखीच. हे समजलं तेव्हा स्टँडवरचा सगळा वाद मला फिजूल वाटायला लागला. मशीन कुठलंही घेतलं तरी बोटांना घर बदलावंच लागणार होतं, आणि त्या स्थलांतराचं अनुदान कुठल्याच योजनेत नव्हतं.

दिवाळीला मुलगी घरी आली तेव्हा तिच्या मॅकवर पहिला शब्द टाइप केला तो अर्थातच 'महोदय'. या शब्दाशिवाय माझी बोटं सुरूच होत नाहीत. पाहिलं तर पडद्यावर आलं 'ाुकेलच'. पुन्हा केलं. पुन्हा 'ाुकेलच'. मी महोदय म्हणायचं आणि मशीननं 'केलच' म्हणायचं! साहेबांपुढं इतक्या ताठ्यानं बोलणारा अर्ज मी आयुष्यात टाइप केला नव्हता. मुलगी हसून लोळायची बाकी राहिली. ती मराठी टाइप करते ती इंग्रजी स्पेलिंगनं. माझी खिल्ली उडवायचा तिला काही अधिकार नाही, पण पोरीला सांगणार कोण?

तर दिवाळी झाल्यावर नांदेड-पनवेल गाडीनं पुण्याला गेलो. कोरेगाव पार्कात ॲपलचं स्वतःचं दुकान 4 सप्टेंबरला उघडलं होतं. तिथं वस्तू टेबलांवर मोकळ्या ठेवलेल्या. कुणीही यावं, हात लावावा. आमच्याकडं शोकेसचं कुलूप काढायच्या आधी 'घेणार आहात का?' असं विचारतात, त्यामुळं मी हात मागं बांधूनच उभा होतो. मॅकबुक एअर, तेरा इंची, छापील किंमत 99,900 रुपये. "शेवटचं सांगा," असं मी म्हणणार, हे ओळखून मुलीनं आधीच माझा दंड धरला होता.

आकडा मोठा असला की तो रुपयांत कळत नाही, सोयाबीनमध्ये कळतो. हमीभाव तेव्हा क्विंटलला 5,328 होता. म्हणजे हा लॅपटॉप पावणेएकोणीस क्विंटलचा. हे हमीभावानं झालं. त्या दिवसांत बाजारात जो भाव निघत होता आणि आमचं सोयाबीन जसं भिजलं होतं, त्या हिशेबानं किती क्विंटल होतात ते मी गाडीत मनातल्या मनात काढलं. बायकोला हमीभावाचाच आकडा सांगितला. पैसे मुलीनं भरले, ही गोष्ट मी उगाच आता सांगतोय.

घरी आल्यावर मॅकच्या खोडी कळायला लागल्या. खिडकी बंद करायचं बटण डावीकडं. तेही दाबलं तर खिडकी जाते, प्रोग्राम मागं तसाच चालू राहतो. कंट्रोलचं काम कमांड नावाची कळ करते, आणि ती अंगठ्यापाशी. माझी करंगळी बेकार झाली आणि अंगठ्याला ओव्हरटाइम लागला. पण अक्षरं सुरेख उमटतात. मराठी 'कोहिनूर देवनागरी'त दिसते तेव्हा बांध कोरल्याचा अर्जसुद्धा लग्नपत्रिकेइतका देखणा वाटतो. आता 'महोदय' दहातल्या आठ वेळा महोदयच येतं.

डेस्कटॉप मात्र काढता आला नाही. अंगठ्याचं मशीन त्यालाच जोडलेलं आहे, डिजिटल सहीचं डोंगलही त्याच्याच ओळखीचं. मॅकला लावायला गेलो तर त्यानं दोघांनाही ओळख दाखवली नाही. भाच्यानं चौकशी करून सांगितलं, विंडोज 10 ला आणखी वर्षभर सुरक्षेची मुदतवाढ घेता येते. ऐकून बरं वाटलं. मुदत संपल्यावर मुदतवाढ येतेच, हे माझ्या धंद्यातलं पहिलं सूत्र अमेरिकेतही चालतं तर.

आता टेबलावर दोन्ही मशिनं शेजारी शेजारी असतात. नवीन लॅपटॉपला पंखाच नाही, त्यामुळं तो काडीचाही आवाज करत नाही. पहिल्या दिवशी शेळगावकडचे एक आजोबा बांधाचा अर्ज घेऊन आले. मी टाइप करत होतो, ते माझ्याकडं बघत होते. अर्ज निम्मा झाला तेव्हा अदबीनं म्हणाले, "भाऊ, घाई न्हाई, पर मशीन चालू तर करा."

"चालूच आहे, आजोबा."

"मंग आवाज?"

पटलं नाही त्यांना. पैसे देतानाही कागद दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला. दुसऱ्या गिऱ्हाइकानं तर स्पष्टच विचारलं, काम कमी असेल तर दर कमी होईल का? तेव्हापासून मी गिऱ्हाईक आलं की आधी डेस्कटॉपचं बटण दाबतो. त्याचा जुना पंखा घरघरायला लागतो, टेबल थोडं थरथरतं, बाकावरचा माणूस निवांत मागं टेकतो आणि चहा सांगतो. मग मी खुर्ची जरा डावीकडं सरकवतो आणि अर्ज मॅकवर टाइप करतो.