बाजरीवरचा आळ

आमच्या घरात पदार्थांच्या जाती दोनच, उष्ण आणि थंड. प्रथिनं, जीवनसत्त्वं वगैरे मंडळींनी अजून आमचा उंबरा ओलांडलेला नाही. बाजरी उष्ण, ज्वारी थंड. पपई उष्ण, काकडी थंड. आंबा उष्ण, पण तासभर पाण्यात बुडवला की त्याची उष्णता पाण्यात उतरते. हा कायदा आत्याने केलेला आहे आणि त्यावर अपील नाही. आत्याला हल्ली धूसर दिसतं, पण त्यामुळे निकालाला कधी उशीर झालेला नाही.

गेल्या एप्रिलपर्यंत हा कायदा माणसांपुरता होता. मग तो कोंबड्यांना लागू झाला.

त्याचं असं झालं, की बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काहीतरी पाळावं म्हणतात. मी पथ्य पाळतच होतो, त्यात सात गावरान कोंबड्यांची भर घातली. आमचं गाव बार्शीकडचं. एप्रिल-मेमध्ये पारा 43 च्या घरात जातो आणि लवकर घराबाहेर पडत नाही. अशाच एका दुपारी पाहतो तर सातही जणी चोची वासून, काखेत गळू झालेला माणूस हात धरतो तसे पंख अंगापासून सुटे धरून, लिंबाखाली धापा टाकत बसलेल्या.

"काय घातलंस त्यांना?" आत्याने ओसरीवरून विचारलं.

"बाजरी."

"एप्रिलात बाजरी? अरे, भोगीला खायची वस्तू ती, तीळ लावून, लोण्याबरोबर! जीव घेशील मुक्या जिवांचा."

लोणी दिलेलं नाही, एवढाच बचाव माझ्याकडे होता. (पहाटे चारपासून अंगण डोक्यावर घेणाऱ्या जातीला मुकी म्हणणं आत्यालाच जमतं.)

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की साहेबांच्या कोंबड्यांना बाजरी बाधली. सल्लागार जमले. एक म्हणाला, बाजरीचं सोडा, पण चुकूनही मका घालू नका, मका म्हणजे निखारा. दुसऱ्याने तांदळाची कणी सुचवली. तिसऱ्याच्या मते कणीने हगवण लागते. आत्याने कोणाचंच न ऐकता पाण्यात सब्जा भिजवला, ऊन लागू नये म्हणून खुराड्याच्या दाराला कांदा बांधला आणि चिमूटभर गुलकंद ठेवला. गुलकंद एकीनेच संपवला आणि ती दोन दिवस आत्याच्या मागे मागे फिरली. धापा मात्र चालूच.

शेवटी मी घरातला पाऱ्याचा थर्मामीटर काढला. कोंबडीच्या जिभेखाली तो ठेवता येत नाही आणि तिच्या काखेत पिसं असतात. उरलेल्या जागेचा अंदाज वाचकांनीच करावा. पारा 107 वर गेला! मला दरदरून घाम फुटला. कोंबडीला फुटला नाही, पण त्याचं कारण मला नंतर कळलं. तिला डालग्यात घालून, स्कूटरवर मांडीशी धरून मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"काय होतंय?"

"एकशे सात ताप आहे हो!"

"मग बरी आहे की. अठ्ठ्याण्णव भरला असता तर मसाला वाटायला सांगितला असता."

कोंबडीचं अंग मुळातच 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर एकशे सहा-सात. घामाच्या ग्रंथी तिला दिलेल्याच नाहीत. तुरा, चोचीखालची लोंबती लाल कातडी, पंखांखालचं विरळ पिसांचं अंग, पाय एवढ्यावाटे ती उष्णता बाहेर टाकते. बाहेरची हवाच फार तापली की मग धापा. घशातला ओलावा वाफ होऊन जातो आणि तेवढाच गारवा. पण धापांबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त जातो, त्याने रक्ताचा तोल बिघडतो आणि अंड्याच्या कवचाला चुना कमी पडतो.

"हल्ली अंडी हातात धरली तरी तडकतात का?" डॉक्टरांनी विचारलं. तडकत होती. घरात याचं खापर माझ्या हातांवर फुटलं होतं.

मग मी मूळ मुद्द्यावर आलो. "डॉक्टर, बाजरी की ज्वारी?"

ते म्हणाले, "काहीही खा, पचवताना अंगात उष्णता तयार होतेच. प्रथिनांनी सर्वांत जास्त, पिष्टाने त्याहून कमी, तेला-तुपाने सगळ्यांत कमी. म्हणून पोल्ट्रीवाले उन्हाळ्यात खाद्यात थोडं तेल घालतात, पेंड आवरती घेतात. मका तर नुसता पिठूळ, तो कसला निखारा! बाजरी-ज्वारीत तुमच्या कोंबडीला एकोणीस-वीसचा फरक. पण तुम्ही दाणे टाकता किती वाजता?"

"दहाला."

"ही उष्णता खाल्ल्यावर तीन-चार तासांनी वाढते. म्हणजे एक-दोन वाजता. ऐन उन्हात तुम्ही तिच्या पोटात चूल पेटवता आणि दोष सरपणाला देता!"

तीस वर्षं बँकेत दहाला काउंटर उघडला, कोंबड्यांचाही मी दहालाच उघडत होतो. बरं, त्या बिचाऱ्या उन्हाळ्यात आपणहून कमी खातात. दाणे तसेच टाकून सावलीला जात. पण मी पंगतीतल्या यजमानासारखा, "घ्या हो, एवढं तरी घ्या", म्हणून मुठी उधळत मागे लागायचो.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. "म्हणजे भर उन्हात जेवू नये, हेच ना? एवढ्यासाठी स्कूटरचं पेट्रोल जाळलंस?" ती म्हणाली. "आणि बाजरी उष्ण ती उष्णच."

तेव्हापासून मी पहाटे साडेपाचला उठून दाणे टाकतो आणि पुन्हा ऊन उतरल्यावर. लिंबाखाली मातीच्या परळांत दिवसातून तीनदा गार पाणी, शिंपल्यांचा चुरा वेगळा, खुराड्यावर ओलं गोणपाट, वारा येईल इतकी फट ठेवून. दुपारी अजूनही थोड्या धापा असतात. 43 अंशांत मीही टाकतो. पण अंडी तडकायची थांबली. उन्हाळ्यात अंडं उष्ण म्हणून गावात कोणी घेत नाही, तर आत्या "ज्वारीवरच्या कोंबड्यांची थंड अंडी" म्हणून रुपया जास्त लावून विकते आणि लोक घेतात.

घरात दीड पोतं बाजरी शिल्लक आहे. रोज दोन्ही वेळा तीच पडते. आत्याला मी ज्वारी म्हणून सांगितलंय. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, तोवर तुम्हीही कुठे बोलू नका.